तीन महिन्यांमागची झड

लष्कर, ग्वाल्हेर
कार्तिक शुद्ध नवमी, १९५६

प्रिय दुर्गा,

भाऊबीजेला लिहिलेलं तुझं पत्र परवा मिळालं. पोस्टमन आला तेव्हा मी स्टेशनाजवळच्या पडावावर टांगेवाल्यांत बसलो होतो, म्हणून ते तुझ्या इंदुआत्याच्या हाती पडलं आणि तिने ते देवापुढे कुंकवाच्या करंड्याखाली दाबून ठेवलं. मी आलो, हातपाय धुतले, चष्मा सापडेना, तोवर ‘काय लिहिते, काय लिहिते’ करून तिने माझा जीव अर्धा केला. वाचून मी म्हटलं, ‘बरी आहे. केस गळतात म्हणते, तुझं आवळ्याचं तेल मागवलंय.’ ‘बस? दोन पानं भरून तेलच?’ असं म्हणाली आणि पदराला हात पुसत उभी राहिली. हात कोरडेच होते.

तर तेलाची बाटली या पत्राबरोबरच येते आहे. टपालाने धाडली असती तर वाटेत फुटून अख्ख्या भोपाळच्या चिठ्ठ्यांना आवळ्याचा वास सुटला असता. तिकडे जाणारं एक भरवशाचं माणूस मिळालं, त्याच्याकडे दिली. माणूस म्हातारा आहे, पण बाटली सांभाळील.

खोलीचं तू लिहिलंस ते डोळ्यांसमोर उभं राहिलं. बराकीच्या ओळीतली एक खोली, वर पत्रे, मध्ये गोणपाटाचा पडदा, अलीकडे चूल आणि पलीकडे अंथरूण. दारासमोर कडुनिंब, त्याच्या बुंध्याला दगडी ओटा. शेजारी उज्जैनच्या शांताताई, त्यांचे यजमान आपल्या संभाजीरावांच्याच कचेरीत. नवं राज्य झालं, कचेऱ्या भोपाळला हलल्या, आणि घरं मात्र अजून बांधायची आहेत, म्हणजे आधी वरात आणि मग मांडव. इंदुआत्या म्हणते, अमावास्येच्या तोंडावर कोणी चूलसुद्धा मांडत नाही, यांनी राज्य मांडलं. मी तिला म्हटलं, तुला विचारायला माणूस पाठवायला हवा होता त्यांनी. तर म्हणे, पाठवला असता तर काय बिघडलं असतं!

संभाजीराव सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात, आणि तू दिवसभर त्या कडुनिंबाकडे बघत बसतेस, असं सहज लिहून गेली आहेस. ते वाक्य मी दोनदा वाचलं.

इकडे लष्करात सगळं कसं ओस झालंय. दसऱ्यापासून कचेऱ्यांचे कागद बैलगाड्या भरभरून पडावाकडे जात होते, स्टेशनाबाहेर गाठोड्यांची नुसती रास. आपल्या गल्लीतच पाच घरांना कुलूप आहे. नया बाजारातला शिकेकाईवाला म्हणत होता, ‘बाबूजी, आधी लंबी चोटियाँ तो भोपाल चली गईं, अब किसके लिए कूटूँ?’ मी म्हटलं, बाबा रे, तिकडे जाऊन दुकान टाक, माझ्या मुलीला शिकेकाई मिळत नाही तिथे.

आता केसांचं सांगतो, म्हणजे मी नुसती बिनकामाची बडबड केली नाही असं आत्याला सांगता येईल. तुला ठाऊकच आहे, मी शाळेत दुसरीपर्यंत गेलो. बाकी जे काही कळतं ते संस्थानच्या पागेत, घोड्यांच्या अंगावर खरारा फिरवताना आणि कान्होजी सालोत्र्यांच्या पायाशी बसून. घोड्यांचा वैद्य माणसाचं काय सांगणार, असं इंदुआत्या गेली तीस वर्षं म्हणते आहे. ‘घोड्यांच्या शेपट्या विंचरणारा माणूस, याला बायकांच्या वेणीतलं काय कळतं!’ पण केस तो केस. घोड्याची लव वर्षातून दोनदा बदलते. होळीनंतर थंडीची लव झडते, तेव्हा खराऱ्याखाली झोळीभर केस निघतात. दसऱ्याच्या आगेमागे उन्हाळी लव जाऊन थंडीची येते, ती झड थोडी. माणसाचा नेम इतका पक्का नाही, पण त्याचीही एक झड आहेच. उन्हाळ्यात जे केस वाढायचे थांबून नुसते डोक्यावर बसलेले असतात, ते पावसाळा सरता सरता उठून चालू लागतात. भाद्रपद-आश्विनात फणीला दुप्पट केस आले म्हणून कोणी घाबरू नये.

ऋतूची झड सगळ्या डोक्यावरून सारखी होते, एका जागी चाई पडत नाही. गळालेला केस पांढऱ्या कापडावर ठेवून बघ. मुळाशी खसखशीच्या दाण्याहून बारीक पांढरा ठिपका दिसला तर केस आपल्या मुदतीने गळाला. ठिपका नसेल तर तो ओढाताणीने तुटला, म्हणजे फणीचा दोष. कपाळाच्या कडेला बोटाच्या पेराएवढे नवे केस उभे दिसले की खुशाल समजावं, मागची रांग पुढे सरकते आहे. दीड-दोन महिन्यांत हे आपोआप थांबतं. भीतीने न्हाणं बंद करू नकोस. पुष्कळ बायका करतात, आणि मग आठ दिवसांचे केस एकदम हातात येतात, आणि आणखी घाबरतात. ओल्या केसांवर फणी घालू नकोस, घट्ट बुचडा बांधू नकोस. गुंता खालून सोडवत वर जायचं, वरून खाली ओढायचं नाही. भोपाळचं पाणी जड असेल तर शेवटचा तांब्या गाळून उकळलेल्या पाण्याचा घ्यावा. आणि एवढं मात्र आत्याला सांगू नकोस, तेल हे केसांचं खत नव्हे. ते वंगण. खत पोटातून जातं. डाळी, तीळ, मेथी, पालेभाजी, गुळाचा खडा. एकटं माणूस चूल पेटवायचा कंटाळा करतं आणि चहावर दिवस काढतं, हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण तुझी आई गेल्यावर मी वर्षभर तेच केलं.

एवढंच लिहून मी हे पत्र मिटलं असतं. पण काल सकाळी पडावावर एक गंमत झाली, म्हणजे आधी गंमत वाटली. गफूर टांगेवाल्याने घोडी आणली. म्हणतो, ‘उस्ताद, मेरी घोड़ी गंजी हो रही है. सवारियाँ हँसती हैं.’ बघतो तर खरंच, आयाळ अशी विरळ की मान दिसते. बाकीचे टांगेवाले म्हणू लागले, मौसम है, झड़ रही है, गफूर को तो रोने का बहाना चाहिए. पण दुर्गा, घोड्याच्या अंगाची लव ऋतूने झडते, आयाळ ऋतूने जात नाही. मी त्याला विचारलं, श्रावणात काय झालं होतं हिला? तो म्हणाला, ‘सावन में? सावन में तो इसे बुखार था, आठ दिन दाना नहीं छुआ. पर वो तो कब का ठीक हो गया!’ मी म्हटलं, बुखार गया, उसकी खबर अब आई है. सगळे हसले. मीही हसलो. मग घोडीच्या मानेवरून माझा हात निघेना. तसाच उठून घरी आलो आणि तुझं पत्र करंड्याखालून पुन्हा काढलं.

कान्होजी म्हणायचे, केस हा आळशी हरकारा आहे. शरीरात आज लढाई झाली तर हा बातमी घेऊन निघतो आणि दोन-तीन महिन्यांनी पोचतो, तेव्हा लढाईचं मैदानसुद्धा झाडून झालेलं असतं. म्हणून झड दिसली की आजचा दिवस बघू नये. तीन महिने मागे जावं आणि तिथे काय पडलंय ते बघावं. तीव्र ताप, उपास, बाळंतपण, मोठा धक्का. ही झडही सगळीकडून सारखीच होते, तिच्या मुळाशीही तोच पांढरा ठिपका असतो. नुसते केस बघून ऋतूची कुठली आणि ही कुठली, हे शहाण्यालाही सांगता येत नाही. विचारावंच लागतं.

रेवा आठवते तुला? काळी, कपाळावर चांदणी. तू तिला परकराच्या ओच्यात लपवून गूळ आणायचीस आणि मी न बघितल्यासारखं करायचो. संस्थानची फौज मोडून मोठ्या फौजेत मिसळली आणि पागा बंद व्हायची ठरली, त्या वर्षीची गोष्ट. ज्येष्ठात घोडे मालगाडीत घालून दुसऱ्या छावणीत हलवले, तिथे नको म्हणाले, पुन्हा परत आणले. त्या हेलपाट्यात रेवाने गर्भ टाकला. आठ दिवस उभी राहिली नाही. मग सावरली, खाऊ लागली, आम्ही विसरलो. भाद्रपद सरताना तिची आयाळ मूठमूठ जाऊ लागली. नवे साहेब आले होते तपासायला, ते म्हणाले खरूज आहे, बाकीच्या जनावरांना लागेल, हिला ठेवू नका. कान्होजी पुढे झाले. मीही त्यांच्या खांद्याशी उभा होतो. म्हणाले, ‘साहेब, तीन महिने मागे जा. जेठात हिने गर्भ टाकलाय. खरूज असती तर अंग खाजवलं असतं हिने, भिंतीला रक्त लागलं असतं. कार्तिकात नवी आयाळ दाखवतो, नाही दिसली तर मला काढून टाका.’ साहेब म्हणाले, कागद दाखवा. कागद होता, दुर्गा. रेवाची रोजची चोपडी माझ्याच हातची होती, काय खाल्लं, ताप किती, कुठल्या दिवशी पडून राहिली, सगळं. पण पागेचे सगळे कागद आठच दिवसांपूर्वी पेट्यांत भरून रवाना झाले होते. कुठे ते कोणालाच सांगता येईना. नवमीच्या सकाळी तबेल्यामागे तिला गोळी घातली. तिचा लगाम मी धरला होता. दुसऱ्या दिवशी दसरा, घोड्यांची पूजा. उरलेल्या घोड्यांना झेंडूच्या माळा घातल्या.

हे तुला मी कधी सांगितलं नव्हतं. रेवाला विकलं असं सांगितलं होतं. पण आज सांगायचं ते हेही नाही.

त्या दसऱ्यानंतर मी दिवसचे दिवस ओसरीवर बसून असायचो. रेवाच्या आयाळीची एक बट कापून आणली होती, ती बोटाला गुंडाळायची आणि सोडायची. तुझी आई आतून आली. हातात फणी होती. म्हणाली, ‘अहो, माझे केस फार जातायत हो.’ मी वर पाहिलं नाही. म्हटलं, ‘आश्विन आहे. झडतात. कार्तिकात थांबेल.’ ती मग ‘बरं’ म्हणून आत गेली.

कार्तिकात थांबलं नाही. मार्गशीर्षात तिचा खोकला शेजाऱ्यांना ऐकू जाऊ लागला तेव्हा मला ऐकू आला. पौषात डॉक्टर आणला. त्याने छातीला नळी लावली आणि मला बाहेर नेऊन विचारलं, संध्याकाळचा ताप कधीपासून येतो? मला माहीत नव्हतं. तिला विचारलं तर भिंतीकडे बघून म्हणाली, आषाढापासून येतो थोडा थोडा, तुम्ही पागेच्या काळजीत होता. माघात ती गेली. घोडीसाठी साहेबापुढे उभा राहून तीन महिने मागे जा म्हणणारा माणूस मी, आणि बायकोसाठी ओसरीवरून स्वयंपाकघरापर्यंत मागे गेलो नाही. रेवाची रोजची चोपडी होती. तुझ्या आईची एक ओळ नव्हती कुठे. वेळेवर कळलं असतं तर वाचली असती का, कोणास ठाऊक. क्षयात थोडेच वाचतात. पण आषाढ ते पौष ती एकटीच आजारी होती, हे काही रोगाने केलं नाही.

आणि मग ते गुंतवळाचं. बायका विंचरून निघालेल्या केसांचं गुंतवळ करून कुठे ना कुठे खोचून ठेवतात, साठलं की टाकून देतात. मोरीजवळच्या भिंतीतली सुटी वीट तुला आठवते. तेराव्यानंतर इंदुआत्या घर आवरत होती, तिने वीट काढली. आत गुंतवळं होती. एकावर एक दाबून बसवलेली, वरची काळीभोर, तळातली धुराने करडी झालेली. ती काढून तिने सुपात टाकली, तर सूप भरलं. आश्विनाच्या किती आधीपासून ती लपवत होती, ते त्या सुपात दिसत होतं. आत्या तोंडात पदर कोंबून बसली. तू चौदाची होतीस, दारात उभी राहून सुपाकडे बघत होतीस. तुला त्याबद्दल काही सांगावं, काही विचारावं, हे मला सुचलं नाही. मी सूप उचललं आणि बाहेर गेलो.

या दिवाळीला चुना लावताना मीच ती वीट काढली. आत तीन गुंतवळं होती. ताजी. मोठी, मुठीएवढी. इंदुआत्याचे केस पांढरे आहेत, दुर्गा.

यंदा दसऱ्याला तुम्ही दोघं सामान न्यायला आलात, तीन दिवस राहिलात. संभाजीराव माझ्याशी नेहमीसारखे बोलले, पण नजर काही त्यांनी वर केली नाही. मला वाटलं बदलीची काळजी. संध्याकाळी तू मला शमीचं सोनं दिलंस. दोन्ही हातांनी दिलंस, अंगठे वर. पागेत आम्ही घोड्याचे खूर बघायचो. घोडं मोठ्या दुखण्यातून गेलं की खुरावर आडवी वळी उमटते आणि खूर वाढेल तशी खाली खाली सरकते. वळी कुठे आहे त्यावरून दुखणं कधीचं ते कळतं. माणसाच्या नखालाही तशीच खाच पडते. तुझ्या दोन्ही अंगठ्यांवर होती, नखाच्या जवळजवळ निम्म्यावर. अंगठ्याचं नख पुरं वाढायला पाच-सहा महिने लागतात. निम्म्यावर म्हणजे आषाढ सरतानाची.

मी ती पाहिली. पाहून मी काय केलं? ‘सोन्यासारखी राहा’ म्हणालो आणि पानं खिशात ठेवली. अजून आहेत त्याच सदऱ्यात, वाळून चुरा झालेली. दुधाने पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. मी तर सात वर्षांनी तेच दूध तसंच पुन्हा तोंडाला लावलं.

आषाढात तुम्ही इंदूरला होता, कचेऱ्या तेव्हा उन्हाळ्यापावसाळ्यात तिकडेच असायच्या. ज्येष्ठातल्या तुझ्या पत्रात होतं की खारातल्या कैऱ्या पाठवा, दुसरं काही पोटात ठरत नाही. ते ऐकून इंदुआत्या दिवसभर आपल्याशीच हसत होती. मी विचारलं तर म्हणाली, ‘पुरुषांना सगळं सांगायचं नसतं, घोडी असती तर तुला आधी कळलं असतं.’ दुसऱ्या दिवशी तिने तुझ्या आईचं मऊ झालेलं जुनं लुगडं ट्रंकेतून काढलं आणि दुपटं शिवायला घेतलं. नागपंचमीला तू येणार होतीस. तुझं पत्र आलं, रजा नाही, पाऊस फार आहे, आम्ही मजेत आहोत. त्यानंतरच्या पत्रांत कैऱ्या नाहीत, पोटाचं नाही, नुसती हवा आणि पाऊस. आत्याने दोन-तीन पत्रं वाट पाहिली. मग एका दुपारी ती शिवण घेऊन बसली आणि एकही टाका न घालता उठली. दुपटं घडी करून परत ट्रंकेत ठेवलं, सुई तशीच टोचलेली. आम्ही दोघं एका घरात राहतो, एका ताटलीतलं सुपारीचं खांड अर्धं अर्धं करून खातो, पण त्याबद्दल एक शब्द एकमेकांशी बोललो नाही. आबाला धक्का बसेल म्हणून ती गप्प. आत्या रडेल म्हणून मी गप्प. आणि तू कोणासाठी गप्प होतीस ते मला आता कळतंय. आई गेल्यावर तू मला ओसरीवर बसलेलं पाहिलं होतंस. पुन्हा तसं बसू नये म्हणून तू सगळं एकटीने गिळलंस आणि नवऱ्यालाही शपथ घातलीस. लपवायला तुला दुसऱ्या कोणी शिकवलं नाही. वीट याच घरातली आहे.

तेव्हा दुर्गा, थोडक्यात सांगायचं तर एवढंच, की तुझी झड भोपाळच्या पाण्याची नाही आणि आश्विनाचीही नाही. तुझी कूस आषाढात उणी झाली. घोडीच्या गोष्टीतून लेकीपाशी आलो म्हणून रागावू नकोस, मला दुसऱ्या वाटेने येताच येत नाही. ते मूल आम्हाला सांगितलंस तरी आमचं होतं आणि नाही सांगितलंस तरी आमचंच होतं. नुसत्या त्या धक्क्याची झड असेल तर ती थांबेल, नवे केस येतील, वर्ष लागेल, लागू दे. पण त्याबरोबर अंगात काही राहिलं असेल, रक्त उणं झालं असेल, संध्याकाळी डोळे जळत असतील, कणकण येत असेल, तर ती थांबणार नाही, आणि तेल लावत बसलो तर मी दुसऱ्यांदा तोच गुन्हेगार होईन. तुझ्या पत्रात मी तापाचा शब्द शोधला. नाही तो. तुझ्या आईच्या तोंडातही नव्हता. म्हणून मला भीती वाटते. सत्तरीला आलो, गोळीचे आवाज ऐकले, पण इतकी भीती वाटली नव्हती.

बाटली आणणारं भरवशाचं माणूस म्हणजे मीच. पत्रात लिहिलं ते मला तुझ्यासमोर बसून बोलता आलं नसतं. तू चहा ठेवला असतास, मी ‘गाडीला गर्दी होती’ म्हटलं असतं, आणि तेवढ्यात परतीची वेळ झाली असती. मी मला ओळखून आहे. म्हणून हे पत्र शांताताईंच्या हाती आत पाठवलं आहे, आणि तू हे वाचतेस तेव्हा मी तुझ्या दारासमोर कडुनिंबाच्या ओट्यावर बसलो आहे. जवळ तेलाची बाटली आहे. इंदुआत्याने काल रात्री ट्रंक उघडून न बोलता गाठोड्यात घातलेलं ते अर्धं दुपटं आहे. बाजारातून घेतलेली ताप बघायची नळी आहे, घाबरू नकोस, घोड्यांची नव्हे, नवी घेतली. आणि एक कोरी चोपडी आहे, पहिल्या पानावर मी तुझं नाव घातलं आहे, बाकी काही नाही. उद्या सकाळी तुला बाईडॉक्टरकडे नेईन, मग ती म्हणेल तर घरी, लष्करला. आता दार उघडलंस तर मला काही सांगू नकोस, रडूही नकोस माझ्यासाठी, नुसते दोन्ही हात पुढे कर, यंदाच्या दसऱ्यासारखे. मनात नसेल तर उघडू नकोस. दिवेलागणीला संभाजीराव येतील, सामान त्यांच्याकडे देईन आणि रात्र स्टेशनावर काढीन, पण उद्या परत येऊन इथेच बसेन, आणि परवाही. आषाढात यायला हवं होतं. तीन महिने उशिरा आलोय, त्या हरकाऱ्यासारखाच.

तुझाच, समोर ओट्यावर बसलेला,
आबा